गावातला प्रौढ साक्षरता वर्ग: घरोघरच्या फेरीपासून बचत गटाच्या वहीपर्यंत

मोठ्या माणसांचा वर्ग सुरू करायला फारसं काही लागत नाही. फळा येतो, पाट्या येतात, सरपंच नारळ फोडतात, फोटो निघतो. तिसऱ्या आठवड्यात सतरंजीवर चारजणी उरतात आणि गावात बोललं जातं, ‘आता या वयात कुठलं शिकणं!’ वय बहुतेक वेळा आड येत नाही. वर्गच लहान मुलांच्या बेताने मांडलेला असतो: वेळ शाळेची, बाक शाळेचे आणि क्रम अननसापासूनचा. महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात किंवा वस्तीवर बारा-पंधरा प्रौढांना वाचता-लिहिता करायचं असेल, तर काय, कोणत्या क्रमाने आणि किती दिवसांत करायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी सरकारी बाजू थोडक्यात. केंद्राचा ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरची कुणीही निरक्षर व्यक्ती त्यात नोंदवता येते. नोंदणी गावच्या शाळेमार्फत ॲपवर होते, शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नसतं. वर्ग स्वतंत्रपणे चालवत असलात तरी मुख्याध्यापकांना भेटून सगळ्यांची नावं त्यात घाला. नोंदणीमुळे शेवटच्या चाचणीला बसता येतं आणि प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्राची किंमत बाहेरच्यांना कळत नाही, पण साठीच्या बाईच्या घरात ते चौकटीत लावलं जातं.

फेरी: कोण येणार हे शोधणं

‘तुम्हाला वाचता येतं का?’ असं दारात उभं राहून विचारलं की उत्तर खोटं मिळतं. पुरुष तर हमखास ‘येतं की’ म्हणतात. त्यापेक्षा घरातलंच विजेचं बिल मागून घ्या आणि ‘यात तुमचं नाव कुठं आहे, दाखवा बरं’ म्हणा. दोन मिनिटांत तीन गट पडतात. पहिल्या गटाला अक्षरच ओळखता येत नाही. दुसऱ्या गटातली माणसं दुसरी-तिसरीत शाळा सुटलेली असतात. त्यांना सुटी अक्षरं येतात, पण वेलांटी-मात्रा लागली की अडतात. तिसरा गट एकेकाळी वाचत होता, आता सवय मोडली आहे. हे तीन गट एका सतरंजीवर बसवले तर पहिला गट लाजतो आणि तिसरा कंटाळतो. माणसं कमी असतील तर निदान दोन रांगा तरी करा.

सहीपुरत्या साक्षरांकडे नीट पाहा. नाव झोकात लिहितात, पण ते अक्षर म्हणून येत नाही, चित्र म्हणून येतं. त्यांच्या नावातली अक्षरं सुटी करून उलटसुलट मांडा आणि एकेक ओळखायला सांगा. ओळखता आली नाहीत तर जागा पहिल्या गटात.

याच फेरीत डोळेही तपासायचे. हा भाग बहुतेक वर्ग टाळतात आणि तिथेच फसतात. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, हे सगळ्यांनाच होतं. ‘आजींच्या लक्षात राहत नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा आजींना घ आणि ध मधला फरक दिसतच नसतो. सुईत दोरा ओवता येतो का, तांदळातला खडा दिसतो का, एवढं विचारा. नाही म्हणाल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणीचा वार कोणता ते काढा आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एकदम घेऊन जा. चष्मा नंतर मिळेल म्हणून वर्ग आधी सुरू केला, तर ते पहिले दोन-तीन आठवडे वाया जातात आणि ‘आपल्याला जमत नाही’ हे मनात घट्ट बसतं. ते काढायला पुढे दोन महिने लागतात.

जागा आणि वेळ

रात्री साडेनऊला वर्ग सुटल्यावर एकटीने घरी जाता येईल एवढ्याच अंतरावर जागा हवी. पाच-सात मिनिटांच्या चालीपेक्षा लांब नको. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, अंगणवाडी, शाळेची खोली, कुणाचा तरी मोठा ओटा, एवढेच पर्याय असतात. निवडताना एकच प्रश्न स्पष्टपणे विचारा: इथं गावातल्या प्रत्येक वस्तीतली बाई, महिन्याच्या कुठल्याही दिवशी, न कचरता येऊन बसेल का? देवळात पाळीच्या दिवसांत चार दिवस खाडा पडतो. एका समाजाच्या समाजमंदिरात दुसऱ्या समाजाच्या बायका येत नाहीत, आणि त्याचं कारण कुणी तोंडावर सांगत नाही. शाळा किंवा अंगणवाडी बरी. गाव पसरलेलं असेल तर मध्यावर एक मोठा वर्ग भरवण्यापेक्षा वस्तीवस्तीवर आठ-दहा जणांचे दोन-तीन वर्ग केव्हाही चांगले.

शाळेत बसत असाल तर पहिलीचे बाक बाजूला सारा. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची आणि बाकीच्यांना भिंतीला टेकता येईल अशी बैठक हवी. दिवा शिकणाऱ्याच्या मागून किंवा बाजूने यावा. फळ्याच्या वर ट्यूब लावली की डोळ्यांवर चकाकी येते आणि वहीवर स्वतःचीच सावली पडते. वीज जाणारच, म्हणून दोन चार्जिंगचे दिवे आधीच ठेवा.

वेळेचं गणित वयावर आणि कामावर ठरतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा ८ मार्च २०१६ ला सुरू झाली. तिची वेळ दुपारी दोन ते चार. घरातलं आवरून झालेल्या वयस्कर बायकांना ही वेळ जमते. शेतमजुरीला जाणारीला मात्र रात्री आठ ते साडेनऊशिवाय पर्याय नसतो. एकच वेळ सगळ्यांवर लादू नका.

वर्षाचं गणित त्याहून महत्त्वाचं. पेरणीचे पंधरा-वीस दिवस, आषाढी वारी, सोयाबीन-भाताची काढणी, दिवाळी, लग्नसराई या सगळ्यांत वर्ग रिकामा राहणार. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावात दसऱ्यानंतर अर्धं गाव कारखान्यावर जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. तिथे वर्ग एप्रिलअखेर सुरू करून दसऱ्यापर्यंत एक टप्पा पुरा करायचा, आणि टोळीसोबत जाणाऱ्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडे पुढची पानं द्यायची. जून ते एप्रिलचं शाळेचं वेळापत्रक इथं उपयोगाचं नाही.

एकूण तास किती? केंद्राच्या जुन्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाच्या काळात पायाभूत साक्षरतेसाठी सुमारे २०० तास धरले जात, आणि तो आकडा आजही खरा वाटतो. दीड तासाचा वर्ग आठवड्यातून पाच दिवस घेतला तर साडेसात तास होतात, म्हणजे सत्तावीस आठवडे. पण शंभर टक्के हजेरी कुणाचीच नसते. साठ टक्के हजर राहणाऱ्या बाईच्या पदरात तेवढ्यात १२० तासच पडतात. म्हणून नऊ-दहा महिन्यांची तयारी ठेवा आणि ‘तीन महिन्यांत साक्षर’ असं कुणाला सांगू नका. चौथ्या महिन्यात ते वाक्यच वर्ग बंद पाडतं.

शिकवणारा कोण

एका स्वयंसेवकामागे दहा-बारा नावं, म्हणजे रोज सात-आठ माणसं येतात. सर्वांत जास्त शिकलेला माणूस चांगलं शिकवतो असं नाही. दहावी-बारावीची मुलगी, आशाताई, गावात नांदायला आलेली शिकलेली सून, हे लोक छान शिकवतात, कारण त्यांना वडीलधाऱ्यांशी बोलायची सवय असते. शिक्षक तयार झाले तर उत्तम, पण शाळेतला आवाज शाळेतच ठेवून यायला हवा.

गावात ज्या नात्याने हाक मारता, त्याच नात्याने वर्गात मारा: काकू, मावशी, आत्याबाई, अण्णा, तात्या. हजेरी मोठ्याने घेऊ नका, कुणाला उभं करू नका, फळ्यावर एकट्याला बोलावू नका, निदान पहिले दोन महिने. सासू आणि सून एकाच वर्गात असतील तर लांब बसवा. सुनेसमोर चुकायला कुठल्याच सासूला आवडत नाही. प्रत्येक वर्गाला एक बदली माणूस ठरलेला हवा. शिकवणारी सलग दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीच येत नाही.

सामान थोडंच लागतं. चार बाय तीन फुटांचा फळा, माणशी एक पाटी आणि दोन दुरेघी वह्या, जाड शिसाच्या पेन्सिली, दहा सेंटिमीटर चौरसाची अक्षरकार्डं दोन संच, काना-मात्रा-वेलांटीची वेगळी कार्डं आणि भिंतीवरचं रोजचं मराठी कॅलेंडर. पाटीमुळे चूक लगेच पुसता येते, हा तिचा मोठा गुण. पण काहींना पाटी म्हणजे पोरखेळ वाटतो. त्यांना सरळ वही द्या. खोडरबर नको. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. खोडरबर दिला की अर्धा तास एकच अक्षर सुंदर करण्यात जातो. फळ्यावरचं अक्षर चार इंचांचं असावं, छापील मजकूर सुरुवातीला २४ पॉइंटच्या खाली नसावा.

पहिल्या दिवशी नाव, दुसऱ्या दिवसापासून आठ अक्षरं

पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या हातात तिच्या नावाचं कार्ड द्या. ते वाचून दाखवा, त्यावर बोट फिरवू द्या, घरी नेऊ द्या. इथं एक अडचण येते. नाव द्रौपदी, लक्ष्मी किंवा कृष्णाबाई असेल तर त्यातलं एकही अक्षर सोपं नाही. म्हणून नाव चित्रासारखं लिहायला शिकवत राहा आणि अक्षरओळख मात्र वेगळ्या, सोप्या शब्दांवर सुरू करा. दोन्ही वाटा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकमेकींना मिळतात. ‘माझ्या नावातलं द हेच का ते?’ हा प्रश्न आला की समजायचं, मिळाल्या.

अ, आ, इ, ई पासून सुरुवात करू नका. सुटे स्वर मजकुरात कमी येतात, ऋ आणि ङ तर जवळजवळ येतच नाहीत, आणि बाराखडी पाठ होईपर्यंत एकही उपयोगाचा शब्द वाचता येत नाही. मोठ्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक खरा शब्द वाचता आला पाहिजे. न, व, ग, क, म, र, स, प ही आठ अक्षरं आणि एक काना एवढंच घ्या. त्यांतून नाव, गाव, काम, पान, मका, वार, नगर, नवरा, सासर, सामान, पगार, सरकार एवढे शब्द होतात. ‘नवरा’ आणि ‘सासर’ एकाच दिवशी फळ्यावर आले की वर्गात हशा पिकतो. तो पिकू द्या, शब्द विसरला जात नाही. या आठ अक्षरांना तीन आठवडे, म्हणजे एका अक्षराला साधारण दोन दिवस लागतात.

ब मुद्दाम पहिल्या गटात नाही. व पक्का होण्याआधी ब आला की दोन्ही जातात. हाच नियम सगळ्या जुळ्यांना लावा: भ-म, घ-ध, प-ष, ट-ठ-ढ-द. एका जोडीतलं दुसरं अक्षर पहिल्यानंतर निदान दोन आठवड्यांनी यावं. ख वेगळाच छळतो. नवशिक्याला तो ‘रव’ दिसतो. हाताने लिहिताना त्याचे दोन्ही भाग खाली जोडूनच लिहा.

दुसऱ्या गटात ब, ल, त, ज, ळ, ण, च, ट आणि दुसरी वेलांटी: पाणी, माती, जमीन, वीज, नळ, बाजार, वाटणी, चटणी. तिसऱ्या गटात श, ख, ह, द आणि मात्रा: शेत, खत, पेरणी, रेशन, मेहनत. मग उकार, मग काना-मात्रा, आणि पहिली वेलांटी अगदी शेवटी. तिचं कारण असं: ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. त्यामुळे ‘बिल’ हा शब्द ‘इबल’ असा वाचला जातो. उपाय सोपा आहे. वेलांटी बोटाने झाका, ‘ब’ वाचू द्या, बोट काढा, ‘बि’ म्हणू द्या. आठवडाभर बोट ठेवायचं, मग सवयीने सुटतं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पहिले सहा महिने दाखवूसुद्धा नका. ‘पाणि’ लिहिलं तरी पाणी कळलं ना? ॲ आणि ऑ मात्र लवकर आणावे लागतात, कारण ‘बँक’ आणि ‘ऑफिस’ या पाट्या त्यांना रोज दिसतात.

ल आणि श यांची आणखी एक भानगड आहे. २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहायचा. शाळेची पुस्तकं तशी छापली जातात. मोबाईलवर आणि रेल्वेच्या पाट्यांवर मात्र बऱ्याचदा हिंदी वळणाची अक्षरं असतात. मराठी वळण पक्कं झालं की एक दिवस दोन्ही रूपं शेजारीशेजारी दाखवा. नाहीतर ‘पुस्तकातलं येतं, मोबाईलमधलं येत नाही’ अशी तक्रार येते आणि त्याचं कारण शिकवणाऱ्यालाही कळत नाही.

बोली सुधारायच्या भानगडीत पडू नका. ‘पानी’ म्हणणारीने ‘पानी’च म्हणावं, फळ्यावर ‘पाणी’ दिसतं आणि त्याचा अर्थ तिला कळतो, एवढं पुरे. कोरकू, गोंडी, पावरी किंवा वारली घरात बोलली जाते तिथे पहिला महिना त्या भाषेत बोलणारा स्वयंसेवक हवाच, आणि पहिले शब्द दोन्ही भाषांत ओळखीचे असलेले निवडा, गावाची आणि माणसांची नावं तर हमखास.

जोडाक्षरं आली की गळतीची दुसरी लाट येते. क्रम लावला तर ती बरीच थोपवता येते. आधी उभी दांडी असलेली अक्षरं घ्या. त्यांची दांडी काढली की अर्धं अक्षर झालं: रस्ता, हप्ता, पत्ता. मग मुक्काम, पक्का. मग जिल्हा. र सर्वांत शेवटी, कारण तो तीन-चार वेश घेतो. त्यात रफार आधी घ्या: अर्ज, कर्ज, खर्च. हे तीन शब्द कुणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. रफार दिसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर आणि बोलला जातो त्याच्या आधी. म्हणून लिहिताना आधी ‘कज’ आणि मग वर रफार, असं करून दाखवा. त्यानंतर ‘ग्रामपंचायत’, आणि ‘महाराष्ट्र’ अगदी अखेरीस.

दीड तासाची वाटणी साधारण अशी ठेवा: दहा मिनिटं गप्पा, दहा मिनिटं कालचं, वीस मिनिटं नवं, पंधरा मिनिटं लिहिणं, वीस मिनिटं आकडे आणि शेवटची पंधरा मिनिटं एखादा खरा कागद. लिहिणं सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. खुरप्याच्या हाताला पेन्सिल जड जाते, बोटं आखडतात, आणि दुसऱ्या दिवशी अंगठा दुखतो म्हणून खाडा पडतो.

दोन फसवणुकी ओळखायला शिका. पहिली नक्कल. फळ्यावरचं हुबेहूब उतरवलेलं असतं, पण वाचता येत नाही. दुसरी पाठांतर. प्रवेशिकेचं, म्हणजे वर्गातल्या पहिल्या पुस्तकाचं, पान धडाधडा म्हटलं जातं, बोट मात्र भलत्याच ओळीवर असतं. दोन्हींवर औषध एकच: शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला लावा, किंवा त्याच अक्षरांचा पुस्तकात नसलेला शब्द लिहून विचारा. हे परीक्षेसारखं न करता खेळासारखं करा.

आकडे

हिशेब शिकवू नका, तो येतो. आठवडी बाजारात बसणारी बाई पावशेर-अर्ध्या किलोचे भाव तोंडी लावते, ते शिकवणाऱ्यालाही जमत नाही. शिकवायचं आहे ते हिशेब कागदावर मांडणं.

मराठी आकड्यांत खरी अडचण बोलण्याची आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. म्हणून २५ ऐवजी ५२ लिहिलं जातं. एकोणतीसमध्ये ‘तीस’ ऐकू येतो, म्हणून सुरुवात ३ ने होते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीससाठी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आणली तेव्हा मोठा गदारोळ झाला. मुलांचं राहू द्या, पण प्रौढांच्या वर्गात पूल म्हणून ती पद्धत फार कामाची आहे: दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी मांडून ‘दोन दहा आणि पाच, म्हणजे पंचवीस’ असं महिनाभर म्हणा. एकोणतीस, एकोणचाळीस वगैरेंना एक स्वतंत्र आठवडा द्या.

दुसरी अडचण दोन लिप्यांची. मोबाईल, औषधाची पट्टी, बिल, पासबुक यांवर बहुधा इंग्रजी अंक असतात. आधी तेच शिकवा, आणि कॅलेंडरवरून मराठी अंक नंतर जोडा. दोन्ही एकदम शिकवले तर घोळ ठरलेला: मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ७ इंग्रजी सहासारखा आणि ४ इंग्रजी आठासारखा. फोन नंबर चुकीचा लागतो तो याच तीन अंकांपायी.

खरे कागद

रोजच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रवेशिका मिटायची आणि कुणाच्या तरी घरातला कागद काढायचा. रेशनच्या पावतीवर माणसं किती आणि धान्य किती लिहिलं आहे ते पाहा: अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. विजेच्या बिलात मागचं वाचन, चालू वाचन आणि त्यांची वजाबाकी. रोजगार हमीच्या नोंदीत दिवस. औषधाच्या पट्टीवर मुदतीचा महिना-वर्ष. सातबाऱ्यावर आधी नाव, मग गट क्रमांक, मग क्षेत्र. एक हेक्टर म्हणजे १०० आर, एकर साधारण ४० आर. सातबारा उघडला की भावकीचे वाद वर्गात येतात, म्हणून कुणाचाही खरा उतारा सगळ्यांसमोर वाचू नका. नमुन्याचा वापरा.

मोबाईलमध्ये नावाने नंबर शोधणं आणि आलेला संदेश वाचणं एवढं पुरे. ओटीपी वाचता येऊ लागला की तो कुणालाही सांगायचा नाही, हेही त्याच दिवशी शिकवायचं.

सहीची घाई जपून करा. खातं अंगठ्यावर उघडलेलं असेल आणि बाई एक दिवस स्लिपवर सही करून मोकळी झाली, तर बँक पैसे देत नाही. सही जुळत नाही म्हणतात, आणि बाईला वाटतं आपलंच लिहिणं चुकलं. आधी सही एकाच वळणाची होईपर्यंत सराव घ्या. मग पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा, नमुना सही बदलण्याचा अर्ज द्या आणि बदल झाल्याची खात्री करूनच सहीने व्यवहार सुरू करा.

माणसं का थांबतात

पहिली लाट तिसऱ्या आठवड्यात, नवलाई ओसरली की. दुसरी जोडाक्षरांना. तिसरी काढणीनंतर, कारण खंड पडलेला असतो आणि ‘आता सगळं विसरलं असेल’ या धास्तीने पाऊल उचलत नाही. यावर एक नियम कसोशीने पाळा: सलग दोन दिवस कुणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळी वर्गातलीच एकजण घरी जाते. ‘का आला नाहीस’ विचारायला नाही. कालचा शब्द सांगायला आणि चहा प्यायला. सोमवारचा पूर्ण वर्ग उजळणीला राखून ठेवला तर खाडा पडलेल्यांना परत शिरायला दार मिळतं. घरातून विरोध असेल तर नवऱ्याशी वाद घालू नका. त्याच्याच नावाचं बिल तिला वाचायला लावा.

नातवंडं सोबत येतात. त्यांना हाकलू नका, कोपरा द्या. फक्त आजीच्या आधी उत्तर द्यायचं नाही, एवढी अट.

कितपत आलं, हे मोजणं

राष्ट्रीय साक्षरता अभियानाने ठरवलेली मोजपट्टी अजूनही सोयीची आहे: मोठ्याने वाचताना मिनिटाला ३० शब्द, मनात वाचताना ३५, बघून लिहिताना ७ आणि सांगितलेलं लिहिताना ५ शब्द. आकड्यांत १ ते १०० वाचणं-लिहिणं आणि साधी बेरीज-वजाबाकी. साठ शब्दांचा अनोळखी उतारा घ्या, दोन मिनिटांत वाचून झाला पाहिजे. मग त्यावर दोन प्रश्न विचारा. वाचलं आणि कळलं नाही तर ते वाचन नव्हे. ही तपासणी दर दोन महिन्यांनी एकेकाला बाजूला घेऊन करा.

‘उल्लास’ची पायाभूत चाचणी १५० गुणांची असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. महिनाभर आधी एक सराव चाचणी घ्या. प्रश्न येत नाहीत असं फारसं होत नाही. उत्तर कुठं लिहायचं, चौकट कशी भरायची, जोड्या कशा लावायच्या, हे कधी केलेलं नसतं.

प्रमाणपत्रानंतरचे सहा महिने

सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, आणि मग ती राज्यभर गेली. गावंच्या गावं साक्षर झाली, आणि पुढे वाचायला काही न उरल्याने त्यातली कितीतरी माणसं पुन्हा विसरली. नवसाक्षराचं वाचन कच्चं असतं. दोन-तीन महिने वापर झाला नाही तर आधी जोडाक्षरं जातात, मग वेलांट्या. म्हणून वर्ग संपला तरी त्याच जागी आठवड्यातून दोन दिवस तासभर बसणं चालू ठेवा. चाळीस-पन्नास पातळ, मोठ्या अक्षरांची पुस्तकं पुरतात. जाड पुस्तकांचं कपाट शोभेला राहतं. शनिवारी भित्तिपत्रक काढा, प्रत्येकीने चार ओळी लिहायच्या: पाऊस किती पडला, कुणाची म्हैस व्याली, नळाला पाणी किती वाजता येतं. ते भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा आणि चुका तशाच राहू द्या. गावात सगळ्यांत जास्त तेच वाचलं जातं. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची वाट आहे, तिची माहिती शाळेतून मिळवा.

सगळ्यांत टिकाऊ उपाय बचत गटाच्या वहीचा. बहुतेक गटांत ती वही वर्षानुवर्षं एकाच शिकलेल्या बाईकडे, म्हणजे गटाच्या सचिवाकडे असते. तिला विश्वासात घेऊन दर महिन्याला दोन नवसाक्षरांना जोडीने वही द्या. एकीने नावं आणि रकमा लिहायच्या, दुसरीने बैठकीत मोठ्याने वाचायच्या, पुढच्या महिन्यात कामं बदलायची. पहिले तीन महिने जुन्या सचिवाने शेजारी बसून फक्त बेरीज तपासावी. वेळ लागला तरी हातातली पेन्सिल घेऊ नये.